माळ्यावरच्या कॉम्प्युटरचा जुकबॉक्स

बेळगावात आमच्या गल्लीत निम्म्या घरांत एक जुना कॉम्प्युटर पडून आहे. मुलगा इंजिनिअरिंगला असताना घेतलेला. तो पुण्याला नाहीतर बंगळूरला नोकरीला गेला आणि कॅबिनेट जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर गेलं. भंगारवाला त्याचे किलोवर पैसे देतो. त्याला हाक मारण्याआधी हा लेख वाचा, कारण त्या डब्यात घरातल्या सगळ्यांची आयुष्यभराची गाणी मावतात.

पूर्वी काही इराणी हॉटेलांत जुकबॉक्स असायचा. नाणं टाकून बटण दाबलं की हवी ती तबकडी वाजायची. आपल्याला तेच करायचंय, फक्त नाण्याशिवाय. गाणी कॉम्प्युटरमध्ये, निवड हातातल्या मोबाइलवर आणि आवाज कोपऱ्यातल्या स्पीकरमधून. असे जुकबॉक्स मी आजवर चार उभे केले. पहिला घरी, दुसरा खानापूरला बहिणीकडे, तिसरा मित्राच्या दुकानात आणि चौथा आमच्या भजनी मंडळाच्या देवळात. चारही वेळा खर्च झाला तो केबल, डिस्क असल्या किरकोळ वस्तूंवर. प्रोसेसरवर एक रुपयाही गेला नाही.

किती ताकदीचं मशिन पुरतं

नव्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "एवढं जुनं चालेल का?" चालेल. विनॅम्प आलं 1997 साली, आणि तेव्हाच्या घरगुती मशिनवर एमपी3 गाणी वाजत होती. 2000 साली आलेल्या पेंटियम 4 ला तर हे काम जाणवतही नाही. तेव्हा किमान हिशेब असा धरा: पेंटियम 4 किंवा त्या काळातला एएमडीचा प्रोसेसर, 512 एमबी रॅम, 40 जीबीची डिस्क, मागे हिरवं ऑडिओ भोक, नेटवर्कची केबल लावायला लॅन पोर्ट आणि दोन चालू यूएसबी. स्क्रीनशिवाय चालवायचं असेल तर 256 एमबी रॅमवरही भागतं. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस फक्त मांडणीपुरते लागतात, तेवढे शेजाऱ्याकडून मागून आणा.

तरीही दोन मशिन समोर असतील तर मी पेंटियम 4 बाजूला ठेवून कोअर टू ड्युओ उचलेन. ते 2006 नंतरचं. वेगासाठी नाही, शांततेसाठी. पेंटियम 4 तापतो, तापला की पंखा घोंघावतो, आणि विलंबित ख्यालाच्या पहिल्या आलापात तो पंखाच जास्त ऐकू येतो. मॉनिटर न धरताही पेंटियम 4 चं मशिन साधारण 80 ते 100 वॅट खातं, म्हणजे दहा तासांना जवळपास एक युनिट. दिवसभर चालवणार असाल तर बिलात हे दिसेल.

स्क्रीन फुटलेला जुना लॅपटॉप मिळाला तर सोडू नका. तो 20-30 वॅटवर चालतो, आवाज करत नाही आणि बॅटरीत थोडा जीव असेल तर वीज गेल्यावर बंदही पडत नाही. बॅटरी फुगली असेल तर मात्र ती काढून टाका, लॅपटॉप अडॅप्टरवर चालतो.

उघडा, साफ करा, मगच चालू करा

ही पायरी कोणी गाळू नये. माळ्यावरून काढलेलं मशिन थेट प्लगला लावणं हा सगळ्यात मोठा धोका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत किती ओल असते ते वेगळं सांगायला नको, आणि खानापूर-जांबोटीकडे तर भिंतींना बुरशी येते. त्या चार महिन्यांत बंद कॅबिनेटमध्ये काय साठतं ते उघडल्यावरच कळतं. बहिणीच्या मशिनमध्ये पॉवर सप्लायच्या खाली पालीची चार अंडी निघाली होती, दोन फुटलेली, आणि मदरबोर्डच्या, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीच्या कडेला त्यांचा पांढरा राप. ते तसंच चालू केलं असतं तर तिथंच शॉर्ट झालं असतं.

वायर काढा, कॅबिनेट आडवं ठेवा, डावीकडचं झाकण उघडा. रंगाचा कोरडा मऊ ब्रश घ्या आणि अंगणात नाहीतर गच्चीवर धूळ झाडा. ब्लोअर असेल तर पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा, नाहीतर वाऱ्यानं तो गरगर फिरून बेअरिंग जातं. त्यानंतर मदरबोर्डवरचे छोटे उभे डबे बघा, म्हणजे कपॅसिटर. त्यांची डोकी सपाट हवीत. टेंगूळ आलेलं असेल किंवा तपकिरी चीक बाहेर आला असेल, तर त्या बोर्डावर वेळ घालवू नका. दुरुस्ती होते, पण नवशिक्याचं ते काम नाही.

रॅमची पट्टी दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या उघडून काढा. तिच्या सोनेरी दातांवर शाळेतला साधा खोडरबर हलक्या हातानं फिरवा, चुरा झाडा आणि टक आवाज येईपर्यंत परत दाबून बसवा. चालू केल्यावर मशिन नुसतं बीप-बीप करत असेल आणि स्क्रीन काळा असेल, तर बहुतेक वेळा एवढ्यानंच काम होतं. बोर्डावर रुपयाएवढी गोल बॅटरी असते, सीआर2032. ती आताच बदला. जुनी उतरलेली असली की तारीख मागं जाते आणि दर वेळी एफ1 दाबल्याशिवाय मशिन पुढं सरकत नाही. कीबोर्डशिवाय ठेवायच्या मशिनला हे परवडत नाही.

प्रोसेसर आणि त्याच्या पंख्याखालचा धातूचा ठोकळा यांच्यामधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते. ती पुसून वाटाण्यापेक्षा लहान थेंब नवी लावा.

पॉवर सप्लायचा डबा, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात, तो कधीही उघडायचा नाही. 230 व्होल्टची वीज आत सरळ होऊन 300 च्या वर व्होल्ट होते, आणि वायर काढल्यावरही ती आतल्या कपॅसिटरमध्ये काही वेळ बसून राहते. बाहेरून धूळ झाडा, पंखा फिरतो का बघा, पुरे. आणि त्याच्या मागे लाल सरकतं बटण असेल तर ते 230 वर आहे ना, हे प्लग लावण्याआधी डोळ्यानं बघून घ्या.

आता अर्थिंग. जुन्या घरांत, विशेषतः शहापूर-वडगावच्या जुन्या बांधणीत, बोर्डाला तीन भोकं असतात पण तिसऱ्यामागं वायरच नसते. याची खूण सोपी आहे: चालू मशिनच्या पत्र्याला हाताची मागची बाजू लावली की मुंग्या येतात. तसं झालं तर मशिन बंद करा आणि आधी वायरमनला बोलवा. ते झाल्याशिवाय अॅम्प्लिफायर जोडू नका.

डिस्क: जागेपेक्षा भरवसा बघा

जागेचा हिशेब एकदा डोक्यात बसला की मोठ्या डिस्कचा हव्यास सुटतो. केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती माहिती साठवली त्याचं माप. 192 केबीपीएसच्या एमपी3 ला मिनिटाला साधारण दीड एमबी लागते. 40 जीबीच्या डिस्कमधली दहा सिस्टिमला सोडली तरी उरलेल्या 30 जीबीत जवळपास 340 तासांचं गाणं बसतं. रोज सहा तास ऐकलंत तर दोन महिने एक गाणं दुसऱ्यांदा येणार नाही. 320 केबीपीएसला मिनिटाला 2.4 एमबी. सीडीवरचा मूळ आवाज 1411 केबीपीएस, म्हणजे मिनिटाला दहा एमबीच्या वर. तोच आवाज काहीही न गमावता फ्लॅकमध्ये साठवला तर साधारण निम्म्या जागेत येतो.

माझा नियम असा आहे. बाजारात पुन्हा मिळेल ते गाणं एमपी3 मध्ये, आणि पुन्हा कुठंच मिळणार नाही ते फ्लॅकमध्ये.

जुन्या डिस्कवर मात्र विश्वास टाकू नका. ती खट-खट करत असेल तर तिचे दिवस भरलेत. आवाज नसला तरी विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा लिनक्सवर (ही विंडोजऐवजी चालणारी फुकट सिस्टिम) स्मार्टमॉनटूल्स या प्रोग्रॅमनं तिची तब्येत तपासा. 'रिअॅलोकेटेड सेक्टर', म्हणजे खराब होऊन बदललेल्या जागांचा आकडा शून्यापेक्षा वर असेल आणि वाढत असेल तर ती बदला. सॅटा पोर्ट (डिस्कच्या बारीक केबलची नवी जोडणी) असलेल्या मशिनला 120 जीबीची साधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क लावली की घरघर कायमची गेली. चपट्या रुंद पट्टीच्या जुन्या आयडीई बोर्डावर मोठी डिस्क लावताना मात्र सांभाळा. 2002-03 च्या आधीच्या बऱ्याच बोर्डांना 137 जीबीच्या पुढचं दिसतच नाही. अशा मशिनला सिस्टिमपुरती जुनी डिस्क ठेवा आणि गाणी यूएसबी पेनड्राइव्हवर. गाणं वाजवायला इतका थोडा वेग लागतो की पेनड्राइव्ह सहज पुरतो.

आवाज बाहेर काढणं

खर्च करायचाच असेल तर तो इथं करा, कारण कानाला ऐकू येणारा फरक इथंच पडतो.

मागच्या तीन भोकांपैकी हिरवं बाहेर जाणाऱ्या आवाजाचं, निळं आत येणाऱ्या आवाजाचं, गुलाबी माइकचं. कॅबिनेटच्या पुढचं हेडफोनचं भोक वापरू नका. तिथपर्यंत जाणारी वायर पंख्या-डिस्कच्या गर्दीतून जाते आणि चिरचिर उचलते. हिरव्यातून एक बारीक स्टिरिओ पिन, दुसऱ्या टोकाला लाल-पांढऱ्या दोन पिना, अशी केबल घ्या आणि अॅम्प्लिफायरच्या ऑक्स इनपुटला लावा. हिरव्या भोकाला थेट मोठा स्पीकर जोडायचा नाही. त्याच्यात तेवढा जोर नसतो.

माऊस हलवला की स्पीकरमधून किरकिर येते का? मग बोर्डावरचं साउंड कार्ड वाईट आहे. छोटा यूएसबी डॅक, म्हणजे बाहेरून लावायचं साउंड कार्ड लावा, किरकिर जाते. त्याऐवजी सतत खोल घूंSS असा आवाज येत असेल तर ती 50 हर्ट्झची विजेची गुणगुण आहे. कॉम्प्युटर आणि अॅम्प्लिफायर दोन वेगळ्या बोर्डांवर असले की दोघांच्या अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि तो केबलमधून वाहतो. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आणा. तरीही राहिली तर केबलच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर, म्हणजे ही गुणगुण अडवणारी डबी बसवा. काही जण अर्थची पिनच तोडून टाकतात. गुणगुण थांबते खरी, पण त्या घरात लहान मुलं असतात. हे करू नका.

देवळातल्या जोडणीत मी एक दिवस वाया घालवला तो दुसऱ्याच कारणानं. देवळात, मंडळांत जो अॅम्प्लिफायर असतो तो माइकसाठी केलेला असतो आणि त्याला एकच ऑक्स पिन असते. मी केबलची लाल पिन खोचली, पांढरी तशीच लोंबत ठेवली. पहिला अभंग लावला तर मृदंग जोरात आणि बुवांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा! जुन्या स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गायक एका बाजूला आणि साथ दुसऱ्या बाजूला अशी वाटणी असते, आणि मी अर्धं गाणंच बाहेर ठेवलं होतं. अशा ठिकाणी प्लेअरच्या सेटिंगमध्ये आवाज 'मोनो' करा, म्हणजे दोन्ही बाजू मिसळून एका वायरीतून येतात.

देवळाचा विषय निघालाच आहे तर कायद्याचंही ध्यानात ठेवा. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. कार्तिकातला काकडा त्याच वेळात येतो. आम्ही बाहेरचा भोंगा वेगळ्या स्विचवर घेतला आणि पहाटे फक्त गाभाऱ्याबाहेरची आतली स्पीकरची पेटी वाजते. म्हातारी माणसं म्हणतात, असंच बरं वाटतंय.

सिस्टिम आणि प्लेअर

एक्सपीला कंपनीची मदत 2014 मध्ये थांबली, विंडोज 7 ला 2020 मध्ये. इंटरनेट अजिबात जोडणार नसाल तर आहे त्या विंडोजवर व्हीएलसी किंवा विनॅम्प टाकून माऊसनं गाणी लावा. सुरुवात म्हणून त्यात काही वाईट नाही.

पण मोबाइलवरून निवडायचं असेल तर हलकं लिनक्स घाला. 32 बिटच्या, म्हणजे साधारण पेंटियम 4 च्या काळातल्या जुन्या मशिनला अँटिक्स नावाचं लिनक्स चांगलं. डेबियन हे दुसरं लिनक्स घ्यायचं तर 2023 चं 12 क्रमांकाचं घ्या, कारण 2025 च्या 13 पासून 32 बिटचा इन्स्टॉलर बंद झालाय. कोअर टू ड्युओसारख्या 64 बिटच्या मशिनला ही अडचण नाही. त्यावर एमपीडी हा प्लेअर बसवा. त्याला स्वतःचा चेहरा नाही, तो मागे बसून गाणी वाजवतो आणि हुकूम मोबाइलकडून घेतो. अँड्रॉइडवर एमएएलपी नावाचं अॅप त्यासाठी आहे. एमपीडीच्या सेटिंग फाइलमध्ये तीन गोष्टी बघायच्या: गाण्यांचा फोल्डर कुठला, आवाज कुठल्या कार्डातून, आणि घरातल्या दुसऱ्या यंत्राला जोडायची परवानगी. ही तिसरी सुरुवातीला बंद असते, म्हणून मोबाइल नुसताच शोधत बसतो. पोर्ट 6600. तो राउटरमधून बाहेरच्या जगाला उघडू नका.

सगळं बरोबर करूनही आवाज नाही? अल्सामिक्सर, म्हणजे लिनक्समधला आवाजाच्या पट्ट्यांचा प्रोग्रॅम उघडा. नव्यानं घातलेल्या लिनक्समध्ये काही पट्ट्या मुक्या ठेवलेल्या असतात, खाली 'एमएम' दिसतं. त्या पट्टीवर जाऊन एम दाबा. जुन्या लॅपटॉपचं वायफाय नव्या राउटरशी जुळत नसेल तर त्याच्याशी भांडू नका, लॅनची वायर ओढा.

प्लेअरमध्ये रिप्लेगेन, म्हणजे सगळ्या गाण्यांचा आवाज सारखा करायची सोय चालू करा. जुन्या आकाशवाणीच्या काळातली ध्वनिमुद्रणं हळू असतात, हल्लीची गाणी कानठळ्या बसवतात. गाणी एकदा तपासून घेतली की ती पातळी आपोआप जुळते, दर गाण्याला उठावं लागत नाही.

दोन भाषांची पेटी

आपल्या भागातल्या संग्रहाचा एक प्रश्न पुण्या-मुंबईच्या माणसाला पडणार नाही. आपल्या घरात मराठी अभंगाशेजारी कन्नड दासपदं असतात, त्याच सीडींच्या ढिगात, आणि गाणारा गळाही पुष्कळदा एकच असतो. भीमसेन जोशी गदग भागातले. त्यांची संतवाणी महाराष्ट्रभर गाजली आणि पुरंदरदासांची पदं कर्नाटकात. कुमार गंधर्व 1924 साली जन्मले ते बेळगावजवळच्या सुळेभावीत, आणि त्यांची निर्गुणी भजनं हिंदीत. त्यांना भाषेच्या फोल्डरात कसं घालणार?

घालू नकाच. फोल्डर कलाकाराच्या नावानं करा, आणि भाषा, प्रकार, राग हे सगळं गाण्याच्या टॅगमध्ये, म्हणजे फाइलच्या आतल्या माहितीच्या चिठ्ठीत लिहा. टॅग त्या-त्या लिपीत असू द्या, मराठी देवनागरीत, कन्नड कन्नडमध्ये. माझी आई दोन्ही वाचते, वहिनी फक्त कन्नड, आणि दोघींनाही आपलं गाणं सापडायला हवं. फाइलचं नाव मात्र साध्या इंग्रजी अक्षरांत ठेवा, म्हणजे गाडीतल्या किंवा जुन्या प्लेअरवर चौकोन दिसत नाहीत. टॅग लिहायला विंडोजवर एमपी3टॅग, लिनक्सवर किड3. टॅगची पद्धत आयडी3व्ही2 निवडा. जुन्या व्ही1 मध्ये नावाला 30 च जागा असतात आणि आपल्या लिपी त्यात नीट बसत नाहीत. स्क्रीन वापरणार असाल तर लोहित किंवा नोटोचे देवनागरी आणि कन्नड असे दोन्ही फॉन्ट घाला. आणि कोणी श्रीलिपीत (जुनी मराठी टायपिंगची पद्धत) किंवा जुन्या नुडीत (तशीच कन्नडची) टाइप केलेली गाण्यांची यादी दिली तर ती चिकटवू नका, कचरा उमटेल. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

कॅसेट उतरवणं

गल्लीतल्या भजनी मंडळाची 30-35 वर्षांपूर्वीची सप्ताहातली कॅसेट, आजोबांनी स्वतःच्या आवाजात म्हटलेला हरिपाठ, अशा गोष्टी जगात दुसरीकडे कुठंच नाहीत, आणि दर पावसाळ्याला त्या थोड्या-थोड्या मरतात. हा जुकबॉक्स करायचं माझं खरं कारण हेच होतं.

कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, तिची बुरशी पुढच्या कॅसेटला लागते. बाकीच्या कॅसेटी आधी दोन्ही बाजूंनी पूर्ण पुढं आणि मागं फिरवून घ्या, चिकटलेली फीत सुटते. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसा. हेडच्या शेजारी स्प्रिंगवर बसलेला एक बारीक स्क्रू असतो. आवाज दबका येत असेल तर कॅसेट चालू असताना तो अगदी केसभर इकडं-तिकडं फिरवा. टाळ एकदम खणखणीत होतील तिथं थांबा. प्रत्येक कॅसेट वेगळ्या डेकवर भरलेली असते, म्हणून हे प्रत्येकीला करावं लागतं.

डेकच्या लाइन आउटमधून केबल कॉम्प्युटरच्या निळ्या भोकात घाला. गुलाबी नको, तिथं आवाज फाटतो. लॅपटॉपला निळं भोक नसतं, त्याला लाइन इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड लावा. ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवून एक बाजू सलग भरून घ्या. सी-60 ची बाजू 30 मिनिटांची, त्यामुळे हे काम घाईचं नाही, जेवण करताना होतं. साठ मिनिटांची वेव्ह फाइल साधारण 635 एमबी होते. ती फ्लॅक करून ठेवा.

सळसळ काढायचं बटण दाबायचा मोह सगळ्यांना होतो. फार दाबू नका. टाळ आणि चिपळ्यांचा बारीक झणकार त्याच वरच्या पट्टीत असतो जिथं फितीची सळसळ असते. मी पहिल्या दोन कॅसेटी इतक्या 'स्वच्छ' केल्या की टाळ पत्र्याच्या डब्यासारखे वाजायला लागले. मूळ फाइल पुसली नव्हती म्हणून वाचलो.

जागेवर बसवताना

बायोसमध्ये, म्हणजे मशिन चालू होताना उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, दोन गोष्टी करा. 'हॉल्ट ऑन' ला 'नो एरर्स', म्हणजे कीबोर्ड नसला तरी मशिन थांबत नाही. आणि वीज परत आल्यावर आपोआप चालू व्हायचा पर्याय, ज्याचं नाव बोर्डागणिक बदलतं पण त्यात बहुतेक वेळा 'एसी' किंवा 'पॉवर' असा शब्द असतो. देवळात हे नसतं तर दर वेळी कोणीतरी मला फोन केला असता.

मशिन भिंतीपासून वीतभर पुढं, जमिनीपासून वर ठेवा. पावसाळ्यात रोज तासभर तरी चालवा, आतली ऊब ओल धरू देत नाही.

कॅसेटीवरून उतरवलेली गाणी दुसऱ्या डिस्कवर घ्या, आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवा. आमची निपाणीला मामांकडे असते. दिवाळीला जाताना नवी भरलेली नेतो, जुनी घेऊन येतो. यंदा मामांनी आपल्या ट्रंकेतल्या नऊ कॅसेटी पिशवीत घालून सोबत दिल्यात. त्यांतल्या चार उतरवून झाल्या, पाचवीची फीत आत तुटलीय, ती जोडायला आज बसतोय.